भिंतीकडे तोंड केलेला लिंकन

सप्टेंबर १९३२. क्लीव्हलँड शहरातल्या एका सभेत रॉबर्ट व्हॅन भाषणाला उभे राहिले. 'पिट्सबर्ग कुरियर' हे कृष्णवर्णीयांचे देशभर वाचले जाणारे वृत्तपत्र ते चालवत आणि त्यांची हयात रिपब्लिकन पक्षाच्या प्रचारात गेली होती. त्या दिवशी मात्र ते म्हणाले की, यंदा लाखो घरांत लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली जाताना मला दिसते आहे. लिंकनचे ऋण होते, ते पुरते फिटले.

कृष्णवर्णीयांच्या घरात लिंकनची तसबीर म्हणजे देव्हाऱ्यातलीच वस्तू. ती फिरवा असे एका रिपब्लिकनानेच सांगावे, आणि तेही डेमोक्रॅटिक पक्षासाठी, हे अजबच होते. याच डेमोक्रॅटिक पक्षाने गुलामगिरीची पाठराखण केली होती आणि याच पक्षाच्या राज्यांत तेव्हाही झाडांना प्रेते लटकत होती. व्हॅन यांचे भाकीत त्या वर्षी फसले. नोव्हेंबरात बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी सवयीने रिपब्लिकन हूवर यांनाच मत दिले. पण चार वर्षांनी, १९३६ साली, त्यांची सुमारे ७० टक्के मते डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्या पेटीत पडली, आणि तसबीर पुन्हा सरळ झाली नाही.

हे असे कसे झाले, या प्रश्नावर अमेरिकेत आजही दोन ठरलेली उत्तरे एकमेकांच्या अंगावर फेकली जातात. एक बाजू म्हणते, गुलामगिरीचा पक्ष डेमोक्रॅटिक, कू क्लक्स क्लॅनचा पक्ष डेमोक्रॅटिक, आम्ही लिंकनचे वारस. दुसरी म्हणते, ते सगळे खरे, पण १९६४ साली दोन्ही पक्षांनी जागांची अदलाबदल केली. पहिले उत्तर पाटी वाचते आणि दुकानातला माल पाहत नाही. दुसरे उत्तर शंभर वर्षांची गोष्ट एका तारखेत कोंबते. खरा प्रकार अधिक संथ आणि अधिक हिशेबी होता. अमेरिकेतले पक्ष मतपरिवर्तन होऊन बदलले असे फारसे दिसत नाही. मत कोणाच्या हातात आहे आणि ते कोणत्या राज्यात पडते, हे बदलले तसे पक्ष बदलले.

डेमोक्रॅटिक पक्ष १८२०च्या दशकात अँड्र्यू जॅक्सन यांच्याभोवती उभा राहिला. जॅक्सन टेनेसीतले मळेवाले, गुलामांचे मालक. पक्षाची मोट बांधली ती न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी. दक्षिणेतले मळेवाले आणि उत्तरेतला सामान्य शेतकरी-कारागीर यांना एकत्र ठेवायचे, तर गुलामगिरीचा विषय वॉशिंग्टनमध्ये निघताच कामा नये, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधिगृहाने चक्क नियमच केला होता की, गुलामगिरीविरुद्ध आलेले अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत. अर्ज हजारोंनी येत आणि तसेच बासनात जात.

हे भिजत घोंगडे १८५४ साली चव्हाट्यावर आले. डेमोक्रॅट सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर करून घेतला आणि पश्चिमेच्या नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही, हे तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांवर सोपवले. विधेयक मंजूर होण्याआधीच त्यावर संतापलेले लोक विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावी एका शाळेच्या खोलीत जमले. रिपब्लिकन पक्ष आपला जन्म तिथला मानतो. मात्र या पक्षाला जन्मापासून समतेचा पुरस्कर्ता ठरवणे चुकीचे होईल. गुलामगिरी आहे तिथे राहू दे, ती पसरू मात्र द्यायची नाही, एवढीच त्याची मूळ मागणी होती. नव्या मुलखातली जमीन आपल्याला मिळावी आणि गुलामांच्या फुकट श्रमाशी स्पर्धा करावी लागू नये, असे वाटणारे कितीतरी गोरे शेतकरी त्यात होते. खुद्द लिंकन यांनी १८५८ साली इलिनॉयमधल्या चार्ल्सटन इथे भर सभेत सांगितले होते, की दोन्ही वंशांची सामाजिक आणि राजकीय बरोबरी आपल्याला अभिप्रेत नाही.

उत्तर-दक्षिण यादवी युद्धाने लिंकन यांना पुढे ढकलले, आणि त्यांच्यानंतर त्यांचा पक्ष आणखी पुढे गेला. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ साली चौदाव्याने नागरिकत्व दिले, १८७० साली पंधराव्याने मताचा हक्क दिला. तिन्ही दुरुस्त्या रिपब्लिकनांनी रेटल्या. याच काळात, १८६८च्या निवडणुकीत, डेमोक्रॅटिक प्रचाराची घोषणा होती: हा गोऱ्यांचा देश आहे, गोऱ्यांनाच राज्य करू द्या. आडपडदा नव्हताच.

रिपब्लिकनांच्या या उत्साहात हिशेबही होता. दक्षिणेत पक्षाला गोऱ्यांची मते मिळणे कठीण. तिथे पाय रोवायचे तर नव्याने मुक्त झालेल्यांच्या हाती मतपत्रिका हवी. ती मिळाली आणि चमत्कार वाटावा असे घडले. १८७० साली मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये गेले, साउथ कॅरोलायनातून जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात गेले. रेनी जन्माने गुलाम. त्या सात-आठ वर्षांत १६ कृष्णवर्णीय काँग्रेसचे सदस्य झाले, सगळे रिपब्लिकन. कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस म्हणत की रिपब्लिकन पक्ष हेच आपले जहाज, बाकी सगळा समुद्र.

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. अर्पणपत्रिका सर्वांना ठाऊक आहे: गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीरावांनी पुस्तक अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्यांनी न्यायालयाची इमारत वेढली. आत रिपब्लिकन बाजूचे कृष्णवर्णीय होते. इमारत पेटवून दिली गेली, आणि शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या गेल्या. मोजक्या आरोपींवर दोष शाबीत झाला, तोही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला. अमेरिकेतली मुक्ती पुण्यातून दिसत होती तेव्हाच ती लुइझियानात मोडली जात होती.

मग आली १८७६ची निवडणूक. रिपब्लिकन हेज आणि डेमोक्रॅट टिल्डन यांच्यात निकाल इतका अडला की, शेवटी निर्वाचक मते १८५ विरुद्ध १८४ अशी मोजली गेली. १८७७ साली हेज अध्यक्ष झाले आणि पाठोपाठ दक्षिणेतल्या राज्यसभागृहांभोवतीचे संघराज्याचे सैनिक बराकीत परतले. लिंकनच्या पक्षाने आपल्या सर्वांत निष्ठावंत मतदाराला वाऱ्यावर सोडले. उत्तरेतले कारखानदार, रेल्वे, आयातकर यांत पक्षाला आता जास्त रस होता. १८९० साली दक्षिणेतल्या निवडणुकांवर देखरेख ठेवणारे एक विधेयक रिपब्लिकनांनी आणले खरे. ते प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये बुडाले. पुढची सदुसष्ट वर्षे काँग्रेसने नागरी हक्कांचा एकही कायदा केला नाही.

दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी मत हिरावले ते कसे, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारणे घटनाबाह्य ठरवले होते. म्हणून वंश हा शब्द टाळून सगळे साधायचे होते. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. मत द्यायचे तर दोन डॉलर पोल टॅक्स भरा, त्याची पावती जपून ठेवा, आणि घटनेतले कलम वाचून दाखवा किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगा. वाजवी म्हणजे काय, हे ठरवणार नोंदणी कारकून. निरक्षर गोऱ्याला तो सोपे कलम विचारी, पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षकाला करांवरचे गुंतागुंतीचे. तरीही गरीब गोरे गळू लागले. त्यावर लुइझियानाने १८९८ साली तोड काढली: ज्याला किंवा ज्याच्या बापाला, आजाला १ जानेवारी १८६७ रोजी मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला लुइझियानात एकाही कृष्णवर्णीयाला मत नव्हते. १८९६ साली त्या राज्याच्या मतदारयादीत १,३०,३३४ कृष्णवर्णीय होते. १९०४ साली उरले १,३४२.

शिवाय दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष हा खासगी क्लब आहे, असे सांगून पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांना मत देऊ देत. तिथे दुसरा पक्ष नावालाच असल्याने प्राथमिक निवडणूक जिंकली की आमदारकी, खासदारकी पक्की.

रिपब्लिकनांचे काय? दक्षिणेतल्या त्यांच्या शाखांत दोन तट पडले. एक तट कृष्णवर्णीयांना बरोबर घेणारा, दुसरा त्यांना बाहेर काढून पक्ष 'सोज्ज्वळ गोरा' करू पाहणारा. टेक्सासचे कृष्णवर्णीय नेते नॉरिस राइट क्यूनी यांनी या दुसऱ्या तटाला 'लिली-व्हाइट' असे टोमण्याचे नाव दिले, आणि तेच चिकटले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ साली कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले, त्यावर दक्षिणेतली वर्तमानपत्रे पिसाळली. पाच वर्षांनी याच रूझवेल्टनी टेक्सासच्या ब्राउन्सव्हिल प्रकरणात १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना कोणताही खटला-सुनावणी न करता बडतर्फ केले. निकाल काँग्रेसच्या निवडणुका आटोपेपर्यंत दाबून ठेवला होता. उत्तरेतल्या कृष्णवर्णीयांची मते तोवर पदरात पडली होती.

१९१३ साली व्हर्जिनियात जन्मलेले डेमोक्रॅट वूड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि त्यांच्या मंत्र्यांनी टपाल आणि कोषागार खात्यांत गोऱ्या-काळ्या कारकुनांची टेबले, जेवणाच्या जागा, स्वच्छतागृहे वेगळी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. विद्यापीठाच्या शेजारी हार्लेम होते, आणि तिथे दक्षिणेतून येणाऱ्या कृष्णवर्णीयांची वस्ती वाढू लागली होती.

हे येणे या साऱ्या गोष्टीचा कणा आहे. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले, शिकागो-डेट्रॉइटच्या कारखान्यांना माणसे हवी होती, आणि दक्षिणेत कापसाला कीड लागली होती. १९१०च्या दशकापासून १९७०पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेत आणि पश्चिमेत गेले. मिसिसिपीत ज्याला मतदारयादीत नाव घालायला गेल्याबद्दल मार बसे, तो रेल्वेने शिकागोला उतरला की काही महिन्यांत मतदार होई, आणि वॉर्डातला पुढारी स्वतःहून त्याच्या दारात येई. १९०१ साली नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट गेल्यापासून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९२८ साली शिकागोने ऑस्कर डी प्रीस्ट यांना निवडून दिले. ते रिपब्लिकन. १९३४ साली त्याच मतदारसंघात त्यांना आर्थर मिचेल यांनी हरवले. मिचेल कृष्णवर्णीय आणि डेमोक्रॅट, काँग्रेसच्या इतिहासातले असे पहिलेच.

मधल्या सहा वर्षांत मंदी आली होती. डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या न्यू डीलने लोकांना काम दिले, रोख मजुरी दिली. ती कृष्णवर्णीयांना गोऱ्यांइतकी मिळाली नाही. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. जमावहत्येविरुद्धच्या विधेयकाला रूझवेल्टनी पाठबळ दिले नाही, कारण काँग्रेसच्या समित्यांची अध्यक्षपदे दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांच्या हाती होती आणि त्यांना दुखावले तर न्यू डीलच अडली असती. तरी चूल पेटत होती. उपकाराच्या आठवणीवर सत्तर वर्षे मते मागणाऱ्या पक्षापेक्षा अर्धीमुर्धी का होईना भाकरी देणारा पक्ष लोकांनी पत्करला. यात त्यांची कृतघ्नता पाहणाऱ्यांनी १८७७ आठवावे.

आता डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन डगरींवर पाय होते. हार्लेमचा मतदार आणि मिसिसिपीचा सिनेटर एकाच पक्षात. ही कसरत पहिल्यांदा मोडली जुलै १९४८मध्ये, फिलाडेल्फियाच्या पक्ष-अधिवेशनात. अध्यक्ष ट्रुमन यांच्या माणसांनी नागरी हक्कांवर गुळमुळीत ठराव तयार केला होता. मिनियापोलिसचे सदतीस वर्षांचे महापौर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी तो झुगारला. दहा मिनिटांच्या आतल्या भाषणात त्यांनी सांगितले, की राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या उन्हात यायची वेळ झाली आहे. मतदान झाले तेव्हा कडक ठराव ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी जिंकला. मिसिसिपीचे सगळे आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून चालते झाले.

हम्फ्रींचे भाषण तेजस्वी होते यात वाद नाही. पण ठरावाला हात वर करणाऱ्यांत ब्राँक्सचे एड फ्लिन आणि शिकागोचे जेकब आर्वी यांच्यासारखे शहरी पक्ष-सुभेदार होते. त्यांना भाषणांनी पाझर फुटत नसे. आपल्या वॉर्डांत कृष्णवर्णीयांची मते किती, हे त्यांना पाठ होते.

बाहेर पडलेल्यांनी साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थरमंड यांना अध्यक्षपदासाठी उभे केले. या डिक्सीक्रॅटांनी दक्षिणेतली चार राज्ये आणि ३९ निर्वाचक मते मिळवली. ट्रुमन यांनी अधिवेशन संपल्यावर काही दिवसांतच लष्करातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता, आणि सगळ्यांची भाकिते खोटी ठरवत तेच जिंकले. ओहायो, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया त्यांनी काठावर राखली, ती स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मतांवर.

पन्नाशीच्या दशकात मात्र दोन्ही पक्ष या विषयावर धूसर होते. वंशावरून वेगळ्या केलेल्या शाळांना घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन हे पूर्वीचे रिपब्लिकन गव्हर्नर. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरता यावे म्हणून छत्रीधारी सैन्य पाठवणारे आयझेनहॉवर रिपब्लिकन, आणि मुलांना अडवणारे गव्हर्नर फॉबस डेमोक्रॅट. त्याच वर्षीच्या मवाळ नागरी हक्क विधेयकाविरुद्ध थरमंड सिनेटमध्ये २४ तास १८ मिनिटे बोलत राहिले. मध्येच लघवीला जावे लागू नये म्हणून त्यांनी आधी वाफेचे स्नान करून अंगातले पाणी घालवले होते, असे सांगतात. १९५६ साली आयझेनहॉवर यांना कृष्णवर्णीयांची सुमारे ३९ टक्के मते मिळाली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील आणि बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन १९६०मध्येही रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या बाजूचे होते.

त्या निवडणुकीच्या तोंडावर किंग यांना जॉर्जियात जुन्या वाहतूक-गुन्ह्याचे निमित्त काढून चार महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि दूरच्या तुरुंगात हलवले गेले. त्यांची पत्नी कॉरेटा गरोदर होत्या. डेमोक्रॅट उमेदवार जॉन केनेडींनी त्यांना फोन केला. दोन मिनिटांचा, विचारपूस करणारा. धाकट्या भावाने, रॉबर्टने, न्यायाधीशाला फोन लावला. किंग सुटले. निक्सन गप्प राहिले. दक्षिणेतल्या गोऱ्यांची मते आवाक्यात आली होती आणि ती त्यांना घालवायची नव्हती. किंगचे वडील सुटकेनंतर म्हणाले, माझ्याकडे पेटीभर मते आहेत, ती आता केनेडींना देतो. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी या प्रसंगाची निळ्या कागदावर छापलेली पत्रके चर्चच्या दारांत वाटली गेली. केनेडी देशभरातून सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकाने जिंकले.

आणि मग १९६४. केनेडींच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क विधेयक नेटाने पुढे नेले. सिनेटमध्ये दक्षिणेच्या डेमोक्रॅटांनी ते तीन महिने भाषणांत बुडवून ठेवले. चर्चा तोडायला ६७ मते हवी होती आणि रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशिवाय ती जमणार नव्हती. १० जूनला मतदान सुरू झाले. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे बोलता येत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी थरथरता हात उचलून डोळ्याकडे बोट नेले. होकाराच्या 'आय'चा आणि डोळ्याचा उच्चार तिकडे एकच. कारकुनाने होकार नोंदवला. पुढच्याच महिन्यात एंगल वारले. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा संपली.

विधेयकावरच्या अंतिम मतदानाचे आकडे दोन्ही बाजू सोयीने वापरतात, म्हणून ते नीट मांडायला हवेत. डेमोक्रॅट ४६ बाजूने, २१ विरुद्ध. रिपब्लिकन २७ बाजूने, ६ विरुद्ध. म्हणजे रिपब्लिकनांचे प्रमाण जास्त. पण हीच मते पक्ष बाजूला ठेवून प्रदेशावरून मोजली, की पारडे फिरते. जुन्या बंडखोर राज्यांच्या बावीस सिनेटरांपैकी एकट्या टेक्सासच्या यारबरो यांनी होकार दिला. दक्षिणेतला एकुलता एक रिपब्लिकन विरोधातच गेला. बाकीच्या देशात डेमोक्रॅट ४५ विरुद्ध १, रिपब्लिकन २७ विरुद्ध ५. रेघ पक्षांमधून जात नव्हती, ती युद्धकाळच्या जुन्या सरहद्दीवरून जात होती.

त्या सहा रिपब्लिकनांतले एक होते ॲरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर. ते वैयक्तिक आयुष्यात वंशद्वेष्टे नव्हते. फीनिक्समधल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे ते सभासद होते. खासगी धंद्यात सरकारने हात घालू नये, हा त्यांचा आक्षेप. महिन्याभरात त्यांच्याच पक्षाने त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनातून बाहेर पडताना जॅकी रॉबिन्सन म्हणाले की, हिटलरच्या जर्मनीत ज्यूला कसे वाटत असेल ते आज कळले. सप्टेंबरात थरमंड रिपब्लिकन झाले. नोव्हेंबरात गोल्डवॉटर देशभर आपटले. त्यांनी जिंकलेली राज्ये सहा: स्वतःचे ॲरिझोना, आणि दक्षिणेच्या पोटातली पाच. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. देशभरच्या कृष्णवर्णीयांची जेमतेम सहा टक्के.

डेमोक्रॅटांचा कित्ताही निर्मळ नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या शेतमजूर फॅनी लू हेमर यांनी मतदार नोंदणीबद्दल तुरुंगात आपल्याला कसे झोडपले ते सांगितले. त्यांचे बोलणे दूरचित्रवाणीवरून हटावे म्हणून जॉन्सन यांनी ऐन वेळी पत्रकार परिषद बोलावली. हेमर यांच्याबरोबर आलेल्या गटाला अधिवेशनात प्रतिनिधींच्या दोन जागा देऊ केल्या गेल्या, त्या त्यांनी नाकारल्या. पण पुढच्या वर्षी मतदान हक्क कायदा झाला आणि मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ सालापर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. कायद्यात दम असला की काय होते, ते तीन वर्षांच्या आत दिसले.

यानंतर दक्षिण रातोरात रिपब्लिकन झाली, असे नाही. १९६८ साली पाच राज्ये अलाबामाच्या जॉर्ज वॉलेस यांच्या तिसऱ्या पक्षाने नेली. निक्सन यांनी थरमंड यांना हाताशी धरून बाकीच्या दक्षिणेत शिरकाव केला, 'कायदा आणि सुव्यवस्था' या भाषेत. त्याच निक्सन यांच्या काळात दक्षिणेतल्या शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या आणि सरकारी बांधकाम-ठेक्यांत कृष्णवर्णीय कामगारांसाठी उद्दिष्टे ठरली. रिपब्लिकन उमेदवार रीगन यांनी १९८० साली प्रचारातले एक भाषण मिसिसिपीच्या नेशोबा जत्रेत केले आणि राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार केला. १९६४ साली नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला ते ठिकाण तिथून काही मैलांवर होते. पुढच्या वर्षी रिपब्लिकन प्रचारतज्ज्ञ ली ॲटवॉटर यांनी एका अभ्यासकाला युक्ती उलगडून सांगितली: पूर्वी शिवी चालायची, ती महागात पडू लागली तेव्हा गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्यासाठी बस लावण्याचा विषय आला, राज्यांचे हक्क आले, मग करकपात. विषय जितका अमूर्त तितका सोयीचा.

सगळे वंशद्वेषातूनच झाले असेही म्हणता येणार नाही. आयझेनहॉवर यांनी टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया १९५२ सालीच जिंकली होती. दक्षिणेत नवी उपनगरे वाढली, पगारदार मध्यमवर्ग आला, गर्भपातासारख्या प्रश्नांवर चर्च राजकारणात उतरले. शिवाय १९६४च्या विधेयकाला विरोध केलेल्या डेमोक्रॅट सिनेटरांपैकी पक्ष सोडला तो एकट्या थरमंड यांनी. बाकीचे मरेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत डेमोक्रॅट राहिले, आणि त्यांच्या जागा नंतर हळूहळू रिपब्लिकनांकडे गेल्या. जॉर्जियाला यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर २००२ साली मिळाला. अलाबामाचे विधिमंडळ २०१० साली, १३६ वर्षांनी, रिपब्लिकनांकडे गेले.

थरमंड यांनीही नंतर रंग बदलला. साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदार वाढले तसे त्यांनी कृष्णवर्णीय साहाय्यक नेमला, १९८२ साली मतदान हक्क कायद्याच्या मुदतवाढीला मत दिले आणि १९८३ साली किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीलाही दिले. शंभर वर्षे पुरी करून ते २००३ साली वारले. त्यानंतर काही महिन्यांनी जाहीर झाले की त्यांच्या घरात कामाला असलेल्या कृष्णवर्णीय मुलीपासून १९२५ साली त्यांना एक कन्या झाली होती.

२००५ साली रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या, एनएएसीपीच्या अधिवेशनात जाऊन कबूल केले, की वांशिक दुहीचा राजकीय फायदा उठवण्यात आमच्या पक्षातल्या काहींची चूक झाली. पुढच्या वर्षी सिनेटने मतदान हक्क कायदा ९८ विरुद्ध शून्य मतांनी वाढवला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कळीचे कलम ५ विरुद्ध ४ मतांनी निकामी केले, आणि ते पाचही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. मधल्या काळात, २०१० साली, चार्ल्सटनच्या परिसरातल्या रिपब्लिकन मतदारांनी प्राथमिक फेरीत थरमंड यांच्या मुलाला डावलून टिम स्कॉट या कृष्णवर्णीय उमेदवाराला तिकीट दिले. स्कॉट आज सिनेटर आहेत. पक्षांवर एकच पाटी लावून मोकळे होणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

डेमोक्रॅटांची पंचाईत वेगळी आहे. १९३६ पासून हाती आलेले मत त्यांनी गृहीत धरले आहे, आणि गृहीत धरलेल्या मताचे काय होते हे लिंकनच्या पक्षाने दाखवून दिले आहे. डेट्रॉइटचे उदाहरण घ्या. मिसिसिपीतून आलेल्या एका स्थलांतरिताचा मुलगा, चार्ल्स डिग्ज, १९५५ साली तिथून काँग्रेसमध्ये गेला, डेमोक्रॅट म्हणून. तेव्हापासून या कृष्णवर्णीयबहुल शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, असे कधी झाले नव्हते. २०२२ साली पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मते विभागली गेली आणि तिकीट मिळाले ते चिकोडीत जन्मलेल्या, बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदार यांना. त्यांचे 'ही श्रीची इच्छा' मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. जानेवारी २०२३मध्ये त्यांनी शपथ घेतली, तेव्हा ६८ वर्षांत प्रथमच डेट्रॉइटच्या प्रतिनिधींत एकही कृष्णवर्णीय नव्हता.